जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की आपल्या अंकाच्या घडीतून संगणकविक्रीची रंगीत पत्रके पडू लागतात. ‘आय५ लॅपटॉप फक्त ९,९९९ रुपयांत’, ‘ऑफिस यूजचा डेस्कटॉप, विंडोज ११ सह, कीबोर्ड-माऊस फ्री’ असा त्यांचा मजकूर असतो. कोल्हापुरात राजारामपुरीपासून स्टेशन रोडपर्यंत अशा जुन्या मालाची दुकाने आहेत आणि त्यांतली बरीच प्रामाणिकपणे धंदा करतात, हे आधीच नमूद करतो. माझी तक्रार पत्रकांच्या मजकुराविषयी आहे. किंमत ठळक असते, ब्रँडचे नाव त्याहून ठळक असते आणि ज्या एका क्रमांकावरून त्या यंत्राची लायकी कळते, तो प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचा, क्रमांक मात्र पत्रकात कुठेच नसतो. माध्यमिक शाळेतील संगणक कक्षाचे काम अनेक वर्षे पाहिल्यामुळे ओळखीपाळखीची माणसे खरेदीपूर्वी मला विचारायला येतात. त्यांना जे सांगतो ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे आणि विक्रेत्यांना एक विनंती करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीने ‘कोअर आय५’ हे नाव २००९ मध्ये बाजारात आणले आणि त्यानंतर दीर्घकाळ दर वर्षा-दोन वर्षांनी त्याच नावाची नवी पिढी काढली. त्यामुळे ‘आय५’ एवढेच सांगणे म्हणजे गाडी ‘हिरो’ची आहे एवढेच सांगून तिचे मॉडेल आणि साल न सांगण्यासारखे आहे. पिढी ओळखण्याची युक्ती सोपी आहे. आय५ या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांक असेल तर त्याचा पहिला आकडा पिढी दाखवतो आणि पाच आकडी असेल, किंवा चार आकडी असूनही १ ने सुरू होत असेल (जसे आय५-११३५जी७), तर पहिले दोन आकडे. आय५-४५७० हा चौथ्या पिढीचा, २०१३ मधला. आय५-६५०० सहाव्या पिढीचा, २०१५ मधला. आय५-८५०० आठव्या पिढीचा, २०१८ मधला. आणि आय५-१२४०० बाराव्या पिढीचा. लॅपटॉपच्या बाबतीत हा फरक अधिकच मोठा आहे, कारण चौथ्या पिढीतल्या आय५-४३००यू या लॅपटॉप प्रोसेसरला दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे विभाग) होते, तर आठव्या पिढीतल्या आय५-८२५०यू याला चार आहेत. दोन्हींवर ‘आय५’ असाच स्टिकर चिकटवलेला असतो आणि पत्रकातही दोन्हींचे नाव सारखेच छापले जाते. ‘आय७ आहे, म्हणजे आय५पेक्षा भारीच’ असे मानणारे ग्राहकही पुष्कळ भेटतात. तिसऱ्या पिढीचा आय७ दाखवून त्यांच्याकडून चांगले पैसे काढता येतात, हे विक्रेत्यांना ठाऊक आहे.

पिढीचा प्रश्न आज एवढा महत्त्वाचा का झाला, याचे कारण १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आहे. त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी सुरक्षेचे नियमित अपडेट देणे थांबवले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने वाढीव सोय जाहीर केली, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांत किमान ४ जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती) आणि ६४ जीबी साठवण या अटी किरकोळ आहेत. खरी अडचण टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची आणि मान्य प्रोसेसरच्या यादीची आहे. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे आणि इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसरच त्या यादीत बसतात. साहजिकच मोठ्या कंपन्यांनी आणि बँकांनी आपली सहाव्या-सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे ढिगाने बाहेर काढली आणि तीच आता पुण्या-मुंबईच्या घाऊक बाजारातून आपल्याकडे येत आहेत. यंत्रे वाईट नाहीत. डेलची ऑप्टिप्लेक्स आणि लॅटिट्यूड, एचपीची प्रोडेस्क आणि एलिटबुक, लेनोव्होची थिंकसेंटर आणि थिंकपॅड ही कार्यालयांसाठी बांधलेली यंत्रे घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांहून दणकट असतात. मात्र त्यांची किंमत ठरवताना त्यांचे वय पाहिले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दुकानात यंत्र सुरू करून दाखवले आणि पडद्यावर विंडोज ११ दिसले, म्हणजे ते यंत्र त्या अटींत बसते असे नाही. ठरावीक तपासण्या चुकवून चौथ्या पिढीच्या यंत्रावरही विंडोज ११ चढवता येते आणि ते काही काळ बरे चालतेही. परंतु अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती त्यावर आपोआप उतरत नाही. म्हणून ‘अकरा टाकून दिलंय’ या वाक्यावर विसंबू नये. स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असे शोधले, की उघडणाऱ्या खिडकीत प्रोसेसरचे पूर्ण नाव, बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची) तारीख आणि सिक्युअर बूट (अधिकृत प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे की नाही, हे तिन्ही एकाखाली एक दिसते. ही खिडकी उघडून दाखवायला अर्धा मिनिटही लागत नाही. जो विक्रेता तेवढेही करायला टाळाटाळ करतो, त्याच्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडावे.

प्रोसेसरनंतर पाहायची गोष्ट म्हणजे साठवण. घरगुती कामात, म्हणजे अर्ज भरणे, पत्र टंकणे, मुलांचे व्हिडिओ वर्ग पाहणे, बँकेचे व्यवहार करणे यांत, यंत्र मंद वाटते ते बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, तर फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमुळे. तीच जुनी डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली जलद साठवण) बसवली, की जे यंत्र सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेत होते ते वीस-पंचवीस सेकंदांत कामाला तयार होते. घरात आधीच सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक असेल आणि तो ‘हँग होतो’ म्हणून बदलायचा विचार असेल, तर आधी २५६ जीबीची एसएसडी बसवून पाहावी. निदान त्या खर्चाने नवी खरेदी काही काळ पुढे ढकलता येते आणि ती एसएसडी पुढच्या यंत्रातही बहुधा वापरता येते. रॅमच्या बाबतीत ८ जीबीच्या खाली जाऊ नये. चार जीबीवर विंडोज ११ चालते असे कंपनी म्हणते, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग विंडोज स्वतःच खाते आणि ब्राउझरची चार-पाच पाने उघडली की सगळे जागच्या जागी थबकते. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे रॅमच्या किमती चढल्या आहेत, तेव्हा ‘आत्ता चार घ्या, नंतर वाढवू’ हा सल्ला पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. शिवाय चौथ्या पिढीच्या यंत्रात डीडीआर३ रॅम असते आणि नंतरच्या यंत्रांत बहुतेक डीडीआर४, आणि एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे जुन्या यंत्रात घातलेले रॅमचे पैसे पुढे वाया जातात.

आता नवे घ्यावे की जुने, हा प्रश्न. पालकांची स्वाभाविक ओढ नव्याकडे असते, कारण खोके सीलबंद असते, एक वर्षाची वॉरंटी असते आणि जुन्या वस्तूबद्दल मनात धाकधूक असते. माझा आक्षेप नव्याला नाही, सर्वांत स्वस्त नव्याला आहे. सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर, मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर) कायमची जोडलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (मदरबोर्डवरच पक्की बसवलेली) साठवण असा लॅपटॉप नवा असूनही पहिल्या वर्षातच रडवतो. त्याची रॅम वाढवता येत नाही, ईएमएमसी बदलता येत नाही आणि विंडोजचे मोठे अपडेट आले की ६४ जीबीत जागा पुरत नाही. अशा नव्या लॅपटॉपपेक्षा आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला, नीट तपासून घेतलेला जुना लॅपटॉप अधिक वर्षे टिकेल आणि अधिक काम देईल, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा जुन्या लॅपटॉपला साधारण पंधरा ते बावीस हजारांपर्यंत किंमत सांगितली जाते आणि घासाघीस होतेच. ज्यांना नवेच हवे आहे त्यांनी इंटेलच्या एन१०० या प्रोसेसरकडे पाहावे. २०२३ च्या आरंभी आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर जेमतेम सहा वॅटचा असून ताकदीला सहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय५च्या आसपास आहे आणि विंडोज ११ च्या यादीतही आहे. त्याचे छोटे डबे, ज्यांना मिनी पीसी म्हणतात, घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडून मॉनिटरचा खर्च वाचवता येतो. तीस-पस्तीस हजारांच्या पुढे जाण्याची तयारी असेल, तर आय३ किंवा रायझन ३ चा, ८ जीबी रॅमचा आणि रॅमसाठी एक रिकामा स्लॉट असलेला नवा लॅपटॉप घेण्यास हरकत नाही. त्याहून अधिक खर्च साध्या घरगुती वापरासाठी करण्याचे कारण मला दिसत नाही. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे; त्यांनी प्रवेश घेऊन महिनाभर वर्ग पाहावेत, कोणते सॉफ्टवेअर लागते ते विचारावे आणि मगच लॅपटॉप घ्यावा. प्रवेशाच्या आधीच ‘इंजिनिअरिंगसाठी’ म्हणून लाखभराचा गेमिंग लॅपटॉप घेण्याची सध्या जी चढाओढ चालली आहे, तिच्याबद्दल मात्र स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

लॅपटॉपच घ्यायचा, हा हट्टही तपासून पाहावा. संगणक घरातल्या टेबलावरून हलणार नसेल, तर त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक चांगला मिळतो. पडदा मोठा असतो, एकच यंत्र घरातले सगळे वापरतात, मुलगा काय पाहतो ते येता-जाता दिसते आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मात्र कार्यालयांतून आलेल्या डेस्कटॉपच्या काही खोडी आधी माहीत असाव्यात. त्यांत बहुधा वायफाय नसते, कारण कार्यालयात लॅनची, म्हणजे नेटवर्कची, वायर असते. घरी आणल्यावर इंटरनेट लागत नाही म्हणून दुकानदाराशी भांडण होते, आणि प्रत्यक्षात एक छोटा यूएसबी वायफाय डोंगल लावला की प्रश्न सुटतो. कॅमेरा आणि माईक नसतो. बऱ्याच मॉडेलांना पडदा जोडण्यासाठी डिस्प्लेपोर्ट हा नवा पोर्ट असतो आणि जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए हा जुना, तेव्हा कन्व्हर्टरचे पैसे धरावेत. बारीक कॅबिनेटच्या मॉडेलांतला एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) त्या-त्या कंपनीच्याच मापाचा असतो. तो जळाला तर बाजारातला साधा एसएमपीएस आत बसत नाही. आणि यूपीएस हवाच. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल आणि येताना किती दाबाने येईल याचा नेम नसतो, त्यातही राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी भागातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो, म्हणजे अर्ज जतन करून यंत्र नीट बंद करता येते, आणि तेवढेच त्याचे काम आहे. वीज कडाडू लागली की यंत्राचा प्लग काढावा आणि त्याबरोबर लॅनची वायरही काढावी; तिच्यातून शिरलेल्या दाबाने मदरबोर्ड गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

कोल्हापुरात जुने यंत्र घेताना आणखी एक तपासणी करावी, जी बाहेरगावच्या कोणत्याही सल्ल्यात सापडणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांतल्या कार्यालयांत आणि दुकानांत पंचगंगेचे पाणी शिरले होते. त्या वेळी भिजलेली काही यंत्रे वाळवून, पुसून पुन्हा बाजारात आली आणि अजूनही फिरत आहेत. एका ओळखीच्या कुटुंबासाठी डेस्कटॉप पाहायला गेलो असता विक्रेता म्हणाला, ‘सर, मशीन टकाटक आहे, डोळे झाकून न्या.’ कॅबिनेटचे झाकण काढायला सांगितल्यावर पंखा आणि समोरची बाजू स्वच्छ पुसलेली दिसली. पण मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसवलेला असतो, त्याच्या मागच्या कोपऱ्यात तपकिरी गाळाची सरळ आडवी रेघ उमटलेली होती, खालच्या दोन स्क्रूंची डोकी गंजली होती आणि रॅमच्या खाचेत हिरवट बुरशीसारखा थर धरला होता. धूळ कोणत्याही यंत्रात सापडते, पण ती सगळीकडे सारखी बसलेली असते. आडवी सरळ रेघ पाणीच उमटवते. असे यंत्र आज चालते आणि दमट हवेत केव्हाही बंद पडते. म्हणून टॉर्च घेऊन आत पाहावे, झाकण उघडू देत नसेल तर यंत्र घेऊ नये.

लॅपटॉपमध्ये पाहायचे ते मुख्यतः बॅटरी आणि बिजागरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो, आणि त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेली क्षमता असे दोन आकडे शेजारी मिळतात. मूळ आकडा ४५ हजार आणि आजचा १७ हजार असेल, तर बॅटरी चाळीस टक्क्यांहूनही कमी उरली आहे. ती लवकरच बदलावी लागेल आणि तेवढे पैसे किमतीतून वळते करून घ्यावेत. चार्जर त्याच कंपनीचा आहे का तेही पाहावे, कारण डेलचे लॅपटॉप अनोळखी अ‍ॅडॉप्टर लावला की इशारा देतात आणि बॅटरी चार्ज करत नाहीत. पडदा पूर्ण उघडून-मिटून बिजागरीचा आवाज ऐकावा, नोटपॅड उघडून एकूण एक कळ दाबून पाहावी. जुनी डिस्क असेल तर तिचे ‘पॉवर-ऑन अवर्स’ (ती चालू राहिलेले एकूण तास) दाखवणारी मोफत सॉफ्टवेअरे आहेत. कार्यालयातले यंत्र रोज नऊ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस चालले, तरी पाच वर्षांत साडेतेरा हजार तास होतात. चाळीस हजार तास दिसले तर ती डिस्क साडेचार वर्षे अहोरात्र फिरलेली आहे, बहुधा एखाद्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये, आणि ती मागाहून यात बसवलेली आहे.

कंपन्यांतून आलेल्या यंत्रांबाबत एक धोका अलीकडे वाढला आहे. काही कंपन्या आपली यंत्रे इंटरनेटवरून नियंत्रणाखाली ठेवतात आणि विकताना ती नोंद काढायची राहून जाते. दुकानात यंत्र नीट चालते, पण सहा महिन्यांनी विंडोज नव्याने टाकले आणि इंटरनेट जोडले, की ‘हे उपकरण अमुक संस्थेचे आहे’ असे सांगून ते त्या संस्थेचा पासवर्ड मागते. बायोसला पासवर्ड असेल तर तीच कथा. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच, मोबाईलचे हॉटस्पॉट जोडून, विंडोज पुन्हा टाकून घ्यावे. अर्धा-पाऊण तास जातो, पण त्यातून दुसराही फायदा होतो. मूळ कंपनीच्या अशा यंत्रांत विंडोजचा परवाना बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे स्वच्छ विंडोज टाकल्यावर ते आपोआप अधिकृत होते. तसे न होता विक्रेता पेन ड्राइव्हमधून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (परवान्याविना विंडोज अधिकृत भासवणारा प्रोग्राम) चालवू लागला, तर त्या अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर आणखी काय आत शिरते हे त्यालाही सांगता येणार नाही, आणि त्याच यंत्रावर आपण पुढे बँकेचा पासवर्ड टंकणार असतो. फुकटात टाकून दिलेल्या जुन्या ‘ऑफिस’चीही गरज नाही, लिबरऑफिस मोफत आहे आणि घरगुती पत्रव्यवहाराला पुरून उरते. मराठी टायपिंगसाठी वेगळे पैसे मागणारेही आहेत, वास्तविक विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासूनच असतो.

ज्यांच्याकडे चौथ्या-पाचव्या पिढीचे यंत्र आहे आणि ज्यांना खर्च करायचा नाही, त्यांना लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा चांगला पर्याय आहे. एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर ती अशा यंत्रावर सुखाने चालते आणि तिचे अपडेटही मिळत राहतात. मात्र शासकीय टायपिंग परीक्षेचा सराव, टॅली किंवा बोटाचा ठसा घेणारी उपकरणे वापरायची असतील, तर विंडोजच लागेल. आणि ज्यांचे काम वीजबिल भरणे, पंधरा रुपयांत डिजिटल सातबारा उतरवून घेणे एवढेच आहे, त्यांनी संगणक न घेता मोबाईलवर भागवावे, असेच मी सांगतो. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज, फोटो आणि दाखले ठरावीक केबीत बसवणे, दहा पानांचा प्रकल्प लिहिणे अशी कामे घरात वारंवार असतील, तरच संगणकाचा उपयोग आहे.

शेवटचा मुद्दा बिलाचा. ‘बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर लागतील’ असे सांगून बिनबिलाचा व्यवहार करण्याची पद्धत सर्रास आहे. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे हे खरे. पण जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर त्याला विक्री आणि खरेदी या किमतींतील फरकावरच कर भरण्याची मुभा नियमातच दिलेली आहे. वीस हजारांच्या लॅपटॉपवर त्याने तीन हजार कमावले, तर कर त्या तीन हजारांच्या हिशेबाने निघतो, वीस हजारांच्या नव्हे. नोंदणीची मर्यादा न ओलांडणारा छोटा दुकानदारही जीएसटीविना साधे बिल देऊ शकतो. त्या बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, साठवण, यंत्राचा सीरियल नंबर आणि ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची, हे लिहून घ्यावे. यंत्र चोरीचे निघाले तर हेच बिल आपला बचाव करते, आणि सदोष निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे करता येते. म्हणजे दिल्ली-बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेल्या यंत्राची तक्रारही कोल्हापुरात चालते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. बिल नसेल तर मात्र यातले काहीही करणे फार अवघड होऊन बसते.

आता विनंती. शहरातल्या संगणक विक्रेत्यांनी आपल्या पत्रकांत आणि दुकानातल्या चिठ्ठ्यांवर ‘आय५’च्या जागी ‘आय५-६३००यू, ८ जीबी डीडीआर४, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही’ असे पूर्ण छापावे. एवढ्याने त्यांची विक्री कमी होईल असे मला वाटत नाही. सहाव्या पिढीचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या किमतीला घ्यायला पुष्कळ गिऱ्हाईक तयार आहे. विक्रेत्यांच्या संघटनेने पुढाकार घेऊन असा एक ठराविक नमुना ठरवून दिला तर उत्तमच. आणि आपल्या दैनिकाच्या जाहिरात विभागालाही विनंती आहे, की संगणकाची जाहिरात स्वीकारताना तिच्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आहे का, एवढे विचारून घ्यावे. येत्या जाहिरातींपासून हे सुरू करता आले, तर प्रवेशाच्या याच हंगामात त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षक, कोल्हापूर